नाव कुणाचे? मालकाचे की गॅलरीचे?

आजकाल आपल्या वस्तीतील कुठलाही पोरगा पाहा. अंगात आर्सेनलचा नाहीतर लिव्हरपूलचा टी-शर्ट, मध्यरात्री मोबाईलवर मॅच आणि सकाळी तोंडात त्याच क्लबचे नाव. आईवडिलांना वाटते, हे सगळे श्रीमंतांचे खूळ. ज्या खेळाडूंचा आठवड्याचा पगार कोटींत मोजतात, त्यांच्याशी आपले काय देणेघेणे? पण वाचकहो, या क्लबांच्या नावांचे मूळ शोधत गेले की कारखान्याच्या भोंग्यावर उठणारी माणसे भेटतात.

आर्सेनल म्हणजे शस्त्रागार. लंडनच्या वुलिच भागात सरकारी तोफांचा कारखाना होता. तेथील कामगारांनी 1886 साली संघ काढला आणि आपल्या वर्कशॉपचेच नाव त्याला दिले, 'डायल स्क्वेअर'. पुढे तो रॉयल आर्सेनल झाला. 1913 साली क्लबने उत्तर लंडनमध्ये बिऱ्हाड हलवले. कारखाना मागे राहिला, नाव मात्र सोबत गेले. आजही प्रेक्षक आपल्या संघाला 'गनर्स' म्हणजे तोफची म्हणून हाक मारतात.

मँचेस्टर युनायटेडचेही तेच. 1878 साली रेल्वेच्या डबे आणि वाघिणी बनवणाऱ्या खात्यातील कामगारांनी न्यूटन हीथ नावाने हा संघ सुरू केला. तो कर्जात बुडाला तेव्हा 1902 साली त्याला आजचे नाव मिळाले. वेस्ट हॅम युनायटेड हा तर टेम्स आयर्नवर्क्स या जहाजबांधणी कारखान्याचा 1895 सालचा संघ. कारखाना 1912 साली बंद पडला, पण गॅलरी अजून 'आयर्न्स' असेच ओरडते. ज्या भट्टीची राखही उरली नाही, तिचे नाव नातवंडांच्या तोंडी आहे.

सर्वांत गमतीचे नाव शेफील्ड वेन्सडे. वेन्सडे म्हणजे बुधवार! आठवड्यातून एक दिवस, बुधवारी दुपारी अर्धी सुट्टी मिळणाऱ्यांनी तिथे आधी क्रिकेटचा संघ काढला आणि 1867 साली त्याला फुटबॉलची जोड दिली. अर्ध्या दिवसाच्या सुट्टीचे मोल ज्याला ठाऊक आहे त्यालाच हे नाव कळेल. हजारो माणसे शनिवारी मैदानात 'वेन्सडे, वेन्सडे' असा घोष करतात हे ऐकून परक्याला हसू येईल, शेफील्डकराला येत नाही.

घोषणा कशी बनते, हे मोर्चात चाललेल्या कार्यकर्त्याला वेगळे सांगायला नको. शब्द टाळीत बसला पाहिजे. 'युनायटेड' या शब्दाचे तीन तुकडे पडतात आणि शेवटचा तुकडा लांबवता येतो. 'सिटी'चे दोनच, पण ठसकेबाज. नाव जड असेल तर गॅलरी ते आपल्या सोयीने कापते. टॉटनहॅम हॉटस्परचे 'स्पर्स' होते, वुल्व्हरहॅम्प्टन वाँडरर्सचे 'वुल्व्ज'. हे कुठल्याही कार्यकारिणीने ठराव करून ठरवलेले नाही.

मग या नावाचा मालक कोण? हा वाद फार जुना आहे. 1892 साली एव्हर्टन क्लबचे आपल्या जागेच्या मालकाशी, जॉन हाउल्डिंगशी बिनसले. क्लब अ‍ॅनफिल्डचे मैदान सोडून निघाला. हाउल्डिंगने मैदानासोबत 'एव्हर्टन' हे नावही आपल्याकडे ठेवायचा प्रयत्न केला. फुटबॉल असोसिएशनने ते मानले नाही. जे सभासद बाहेर पडले त्यांच्याकडेच नाव राहिले आणि हाउल्डिंगला रिकाम्या मैदानासाठी नवा क्लब काढावा लागला. तोच लिव्हरपूल. आज त्या नावाचा गजर जगभर चालतो, पण त्याची सुरुवात अशी दुसरे नाव न मिळाल्याने झाली आहे.

अलीकडचे उदाहरण हल सिटीचे. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील बंदराच्या गावचा हा क्लब 1904 सालचा. पैशाअभावी तो डबघाईला आला असताना असेम अल्लाम या उद्योगपतीने 2010 साली तो घेतला आणि स्वतःचा बक्कळ पैसा ओतून वाचवला. हे त्यांचे उपकार कुणी नाकारले नाहीत. पण 2013 साली त्यांनी जाहीर केले की, 'सिटी' हे नाव फारच सामान्य आहे, परदेशी बाजारात चालायचे नाही, यापुढे 'हल टायगर्स' म्हणायचे. प्रेक्षक खवळले. 'मरेपर्यंत सिटीच' अशा अर्थाच्या नावाची मोहीम त्यांनी उभी केली. क्लबचे जन्मसाल 1904, म्हणून सामन्याची 19 मिनिटे 4 सेकंद झाली की स्टँडमधून 'सिटी'ची घोषणा उठायची. तसे असेल तर त्यांनी खुशाल लवकर मरावे, अशा अर्थाचे मालकांनी सुनावले. एप्रिल 2014 मध्ये फुटबॉल असोसिएशनच्या कौन्सिलने नामबदलाचा अर्ज फेटाळला. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज झाला, तोही फेटाळला गेला. 2022 साली क्लब दुसऱ्या मालकाकडे गेला. नाव हल सिटीच आहे.

पण गॅलरी म्हणजे सगळे पवित्र असेही समजू नये. तिथे माणसाला जातीधर्मावरून डिवचणाऱ्या घोषणाही होतात. टॉटनहॅमच्या प्रेक्षकांत ज्यू लोक बरेच, म्हणून विरोधी प्रेक्षक त्यांना ज्यूंसाठीच्या एका शिवीने हिणवत, हिटलरच्या गॅस कोठड्यांचा आवाज तोंडाने काढीत. तेव्हा टॉटनहॅमच्या पोरांनी, ज्यू नसलेल्यांनीही, तीच शिवी स्वतःचे नाव म्हणून उचलली आणि छाती काढून तिच्या घोषणा दिल्या. यावर खुद्द ज्यू समाजातच दोन मते आहेत. काहींच्या मते त्यामुळे शिवीची धार गेली, काहींच्या मते शिवी ती शिवीच. 2022 साली क्लबने प्रेक्षकांना हा शब्द हळूहळू सोडून देण्याची विनंती केली. मला स्वतःला दुसरी बाजू पटते. शिवीचे ओझे ज्याने वाहिले त्यालाच ती उचलायची की टाकायची हे ठरवू द्यावे, शेजारच्या खुर्चीवरील हौशी माणसाने नव्हे.

हे झाले साहेबाच्या देशातले. आपल्या देशात या नादाची पंढरी कोलकाता. मोहन बागान 1889 चा. या संघाने 29 जुलै 1911 रोजी आयएफए शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटच्या गोऱ्या शिपायांना 2-1 ने हरवले, आणि अकरापैकी दहा जण अनवाणी खेळले. ईस्ट बंगाल 1920 चा. फाळणीनंतर पूर्व बंगालातून घरदार सोडून आलेल्यांना कोलकात्यात स्वतःचे म्हणावे असे फार काही नव्हते. सुटलेल्या गावाचे नाव जाहीरपणे मोठ्याने घेता येईल अशी एक जागा होती, ती म्हणजे ईस्ट बंगालची गॅलरी. 'जॉय ईस्ट बंगाल' या आरोळीत ते गाव असते. संघ जिंकला की घरी हिल्सा मासा शिजतो, मोहन बागानवाल्यांकडे कोळंबी.

या नावांनाही व्यापाऱ्यांनी हात घातलाच. 1998 साली एका दारू कंपनीसमूहाने भागीदारी केली आणि दोन्ही नावांच्या पुढे त्यांचे ब्रँड चिकटले. 2020 साली मोहन बागान 'एटीके' या कंपनीच्या संघात विलीन होऊन 'एटीके मोहन बागान' झाले. 'एटीके काढा' असे फलक घेऊन प्रेक्षक तीन वर्षे झगडले. 18 मार्च 2023 रोजी गोव्यात, मडगावच्या फातोर्डा मैदानावर संघाने विजेतेपद मिळवले, आणि त्याच रात्री मालकांनी ती तीन अक्षरे काढत असल्याचे जाहीर केले. त्यांच्या जागी नावामागे 'सुपर जायंट' आले, तेही धंद्याचेच. पण गॅलरीत ते कोण उच्चारतो? तिथे 'जॉय मोहन बागान' एवढेच.

आपल्या मुंबईत फुटबॉलचे संघ बहुतेक कंपन्यांचे आणि सरकारी खात्यांचे. महिंद्र युनायटेडने 2005-06 साली राष्ट्रीय लीग जिंकली, 2010 साली कंपनीने संघच बंद केला. पहिली राष्ट्रीय लीग जिंकणारा फगवाड्याच्या जेसीटी मिलचा संघ 2011 साली गेला. कोलकात्यासारखे रस्त्यावर कुणी आले नाही. नाव पहिल्यापासून कंपनीचेच होते, कंपनीने ते परत नेले.

ऑगस्ट 2024 मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात एका तरुण डॉक्टर मुलीवर बलात्कार करून तिचा खून झाला. शहर पेटून उठले. 18 तारखेला मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांचा सामना होता. गॅलरीतून या प्रकरणाच्या घोषणा होणार हे दिसत होते. बंदोबस्ताचे कारण देऊन सामनाच रद्द करण्यात आला. तरी दोन्ही क्लबांचे लोक जर्सी घालून सॉल्ट लेकच्या मैदानाबाहेर जमले. मोहमेडन स्पोर्टिंगचेही आले. शंभर वर्षे एकमेकांच्या नावाने शिमगा करणाऱ्यांनी त्या दिवशी दोन्ही गॅलऱ्यांचा आवाज एक असल्याची घोषणा दिली. पोलिसांनी लाठ्या चालवल्या, काहींना धरून नेले. पावसात भिजलेली पोरे एकमेकांच्या खांद्यावर चढून त्या मुलीसाठी न्याय मागत राहिली, लाल-पिवळी जर्सी हिरव्या-मरून जर्सीच्या खांद्यावर.