टेसार : काचेपेक्षा हवेचा हिशेब

लेन्स किती भारी हे तिच्यातल्या भिंगांच्या संख्येवरून ठरवायची सवय फोटोग्राफीच्या शौकिनांत जुनी आहे. येना शहरातल्या कार्ल झाइस कारखान्याची १९०२ सालची टेसार या हिशेबात बसत नाही. तिच्यात भिंगे अवघी चार. तरीही विसाव्या शतकात सर्वाधिक अनुकरण झालेल्या लेन्समध्ये तिची गणना होते.

तिचा कर्ता पॉल रुडॉल्फ. त्याच्या हाताशी ओटो शॉटची नवी काच होती. शॉट, अर्न्स्ट आबे आणि झाइस यांनी १८८४ मध्ये येनातच काचेची प्रयोगशाळा काढली. तिथली बेरियमयुक्त काच प्रकाश जास्त वळवी, पण त्यातले रंग फारसे फाकू देत नसे. तोवरच्या लेन्समध्ये चित्राच्या कडेला एका दिशेच्या रेषा स्पष्ट झाल्या की त्यांना काटकोनातल्या रेषा पुसट होत. हा दोष रुडॉल्फने १८९० च्या प्रोटारमध्ये आटोक्यात आणला.

१८९६ मध्ये त्याने प्लानार रचली. सहा भिंगे, चार गट (एकमेकांना चिकटवलेली भिंगे मिळून एक गट), जवळजवळ आरशातल्यासारखी सममिती. दोष काढण्याच्या कसबात ही लेन्स टेसारहूनही वरचढ, असे माझे मत आहे. पण चार गट म्हणजे हवेला भिडणारे आठ पृष्ठभाग, आणि साध्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग निदान चार टक्के प्रकाश परत फेकतो. म्हणजे आठ पृष्ठभाग ओलांडून जेमतेम ७२ टक्के उजेड पोचतो. परत फेकलेला उजेड नुसता वाया जाता तरी चालले असते; पण त्यातला काही आतल्या आत आपटून प्लेटवर पसरे आणि चित्रातला काळा करडा होई. १८९९ च्या उनारमध्ये भिंगे चारच होती, पण सगळी सुटी. म्हणजे पृष्ठभाग पुन्हा आठ.

मग रुडॉल्फने उनारची पुढची दोन सुटी भिंगे घेतली आणि मागे प्रोटारसारखे कॅनडा बाल्समने चिकटवलेले जोडभिंग बसवले. गट तीन, पृष्ठभाग सहा. हीच टेसार. डेनिस टेलरच्या १८९३ च्या कुक ट्रिप्लेटशी तिचे साम्य पाहून अनेकजण तिला ट्रिप्लेटचीच सुधारित आवृत्ती समजतात. मला ते पटत नाही. रुडॉल्फ आपल्याच दोन लेन्सच्या वाटेने तिथवर पोचला होता.

सुरुवातीची टेसार एफ/६.३ ची. पुढे झाइसमधल्याच वँडर्सलेब आणि मेर्टे यांच्या कामातून ती एफ/२.८ पर्यंत गेली, मात्र इतक्या उघड्या छिद्राला कोपरे मऊ पडत. १९२९ च्या पहिल्या रोलायफ्लेक्सवर टेसारच होती. लाइट्झची एल्मार, श्नायडरची झेनार, सोव्हिएत इंडस्टार या सगळ्यांची मांडणी हीच.

१९३५ मध्ये झाइसच्याच अलेक्झांडर स्माकुलाने काचेवर परावर्तन रोखणारा पातळ थर चढवण्याची पद्धत शोधली. आठ पृष्ठभागांचे भय सरले, आणि १९५० च्या दशकात प्लानार सन्मानाने परतली.

घरात जुना कॅमेरा असेल तर छिद्र पूर्ण उघडा, शटर ‘बी’वर धरून ठेवा आणि लेन्स दिव्याखाली तिरपी करून आतली प्रतिबिंबे मोजा. सहा ठळक आणि एक अगदी पुसट दिसले, तर ती याच घराण्यातली. पुसट प्रतिबिंब बाल्समच्या सांध्याचे. तो सांधा कडेने पिवळा पडला किंवा सुटू लागला असेल, तर लेन्स स्वतः खोलू नका. जाणत्या कारागिराकडे न्या.