कयाकमध्ये पायात काय?

कयाकमध्ये चालायचं नसतं. पाय पुढे पसरायचे, टाचा तळाला टेकवायच्या, चवडे फूटपेगवर, म्हणजे पाय टेकवायच्या खुंट्यांवर, रेटायचे आणि दोन-तीन तास वल्हं मारत राहायचं. अशा बैठ्या खेळात पायात काय घालावं यावर वाद व्हायचं कारण नाही, असं कुणालाही वाटेल. पण चढणं, उतरणं, उथळ पाण्यातून नाव ओढत नेणं आणि उलटल्यावर काठ गाठणं ही सगळी कामं पायांचीच. नावेच्या आत पायताण जितकं मऊ आणि आटोपशीर तितकं बरं. काठावर तळवा जितका जाड आणि पकड धरणारा तितका बरा. या दोन मागण्यांचं आपसात काही पटत नाही. आजवर कयाकवाल्यांनी पायात जे जे घातलं, ते बहुतेक यांतल्या एकीकडे झुकलेलं आहे.

ज्यांनी मुळात कयाक घडवली, त्यांनी मात्र हे भांडण कधीच मिटवून ठेवलं होतं. ग्रीनलंडचे आणि कॅनडाच्या उत्तर टोकाकडचे इन्युइट सीलच्या कातड्याचे ‘कामिक’ नावाचे बूट घालत. ते शिवायचे घरातल्या बायकांनी, आणि ते शिवणं हा काही हातचा मळ नव्हता. पाणी आत झिरपू नये म्हणून सुई कातड्यातून आरपार न्यायची नाही. अर्ध्या जाडीतून फिरवून परत वर काढायची. दोरा प्राण्याच्या स्नायूतंतूंचा. भिजला की फुगतो आणि टाक्याचं भोक बुजवतो. तळव्याला दाढीवाल्या सीलचं जाड कातडं, आणि चवड्यापाशी ते वळावं म्हणून दातांनी चावून पाडलेल्या चुण्या. अलास्काकडच्या अल्यूट बेटांवर समुद्रसिंहाच्या गळ्याच्या कातडीचे बूट असत आणि तळव्याला त्याच्याच पोहायच्या पंजांची कातडी. उंच टाच नाही, कडक कड नाही. नावही बसणाऱ्याच्या अंगाच्या मापानं बांधलेली. बूट आत मावेल का, हे विचारायची वेळच येत नसे, कारण नाव आणि बूट एकाच घरातून निघत.

युरोपात कयाक गेली तेव्हा हे घर मोडलं. १९०७च्या सुमारास जर्मनीतल्या रोझेनहाइमच्या योहानेस क्लेपरनं घडीच्या कयाक विकायला काढल्या. पिशव्यांत भरून आगगाडीनं न्यायच्या, नदीकाठी जोडायच्या. नाव एका कारखान्यातली, बूट दुसऱ्या, आणि दोघांना एकमेकांचा पत्ता नाही. पुढची कित्येक वर्षं पायात रबरी तळव्याचे कॅनव्हासचे बूट. त्यांच्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही: भिजले की जड, वाळता वाळत नाहीत, आणि नाड्या अडकायला कायम तयार. त्या काळातली एकच गोष्ट टिकली. १९३५ साली अमेरिकेत पॉल स्पेरी नावाच्या शिडाच्या नावांच्या शौकिनानं, आपला कुत्रा बर्फावरून न घसरता कसा पळतो ते बघून, रबरी तळव्याला चाकूनं बारीक नागमोडी चिरा पाडल्या. बूट होता डेकवर घालायचा, पण आज पाण्यातल्या कुठल्याही बऱ्या बुटाचा तळवा उलटा करून पाहिलात तर त्या चिरांची वंशावळ सापडेल.

थंडीचा बंदोबस्त करायला रसायनशास्त्र धावून आलं. निओप्रीन हे कृत्रिम रबर १९३० साली ड्यूपाँ कंपनीत तयार झालं. त्याच्या फेसाळ पत्र्यापासून अंगाला चिकटून बसणारा सूट करायची कल्पना कॅलिफोर्नियातल्या ह्यू ब्रॅडनर या भौतिकशास्त्रज्ञाची, १९५२ची. रबरात वायूचे बंद बुडबुडे असतात, ते उष्णता धरून ठेवतात. पाणी आत शिरलं तरी त्याचा पातळ थर अडकून राहतो आणि अंगाच्या उबेनं तापतो. कयाकवाल्यांच्या पायांना हे हवंच होतं. हात-खांदे काम करून गरम राहतात, पण पाय नुसते पडून असतात, तेही नावेच्या तळाशी, ज्याच्या पलीकडे थंडगार पाणी. वल्ह्यावरून ओघळलेलं पाणी टाचांपाशी साचतं ते वेगळंच. निओप्रीनच्या बुटीनं ऊब दिली आणि तळाला घासून टाचेची सालटी निघायची, तीही थांबवली. पण सुरुवातीच्या बुट्यांचा तळवा मोज्याहून फारसा जाड नसे. दगडावर पाय ठेवला की खडा न् खडा मोजून घ्यावा.

मग आला सँडलचा जमाना. १९८४ साली ग्रँड कॅन्यनमध्ये कोलोरॅडो नदीवर राफ्ट नेणाऱ्या मार्क थॅचरनं साध्या रबरी चपलेला घोट्याभोवतीचा वेल्क्रोचा पट्टा जोडला. त्याआधी नदीवरच्या वाटाड्यांपुढे दोनच पर्याय: प्रवाहात पायाशी काडीमोड घेऊन वाहून जाणारी चप्पल, नाहीतर दिवसभर पचपचणारा बूट. थॅचरची ‘टेव्हा’ पायातच राहायची आणि लगेच वाळायची. १९८९मध्ये कोलोरॅडो राज्यातल्या मार्क पेजन या दुसऱ्या वाटाड्यानं ‘चाको’ काढली, तळव्यातून फिरणाऱ्या लांब पट्ट्याची. वेल्क्रोत गाळ बसला की तो पकडत नाही. या पट्ट्याला ती अडचण नव्हती. दोन्ही सँडल नदीवरून थेट शहरातल्या कॉलेजांत पोचल्या.

माझ्या मते कयाकवाल्यांची फसगत झाली ती इथेच. राफ्टवर चालतं ते कयाकमध्ये चालेलच, असं सगळ्यांनी गृहीत धरलं. राफ्ट उघडी असते. उलटली की माणूस सरळ पाण्यात पडतो. कयाकमध्ये मात्र तो कंबरेपर्यंत आत असतो. उलटल्यावर डोकं खाली, पाण्याचा आवाज कानांत, हातानं कंबरेभोवती नावेचं तोंड झाकणाऱ्या स्प्रे-स्कर्टची पट्टी ओढायची आणि दोन्ही पाय सरळ मागे खेचत बाहेर निसटायचं. अशा वेळी सँडलच्या पट्ट्याचं लोंबतं टोक किंवा बकल फूटपेगच्या खाचेत अडकलं तर काय होईल, ते सांगायला नको. म्हणून पट्ट्याच्या सँडल बंदिस्त कयाकमध्ये घालू नका, असं शिकवणारे बजावू लागले. फूटपेगही बदलले: खवळलेल्या पाण्याच्या नावांत दोन सुट्या खुंट्यांऐवजी चवड्यांसमोर आडवी भिंत येऊ लागली, म्हणजे धडक बसली तरी पाय खुंटीपलीकडे घसरून अडकत नाही.

तेवढ्यात नावाच आखडल्या. १९८०च्या सुमाराला नदीतल्या प्लास्टिकच्या कयाक तीन मीटरच्या वर असायच्या. नव्या शतकाच्या सुरुवातीला लाटांवर कसरती करायच्या नावा दोन मीटरच्या आतबाहेर आल्या. पुढचं टोक इतकं चपटं की नऊ नंबरचा बूट शिरेना. पुष्कळजण निओप्रीनच्या मोज्यांवर आले, काही अनवाणी बसू लागले. नाव उलटली आणि नदीतल्या खडकांवरून चालत परतायची वेळ आली की या हौसेची किंमत तळव्यांना मोजावी लागे.

२००२ साली क्रॉक्स आले; तरंगतात, पण जोराच्या प्रवाहात पायात टिकत नाहीत. २००३मध्ये ‘कीन’ कंपनीनं सँडलच्या पुढे बोटं झाकणारी रबरी टोपी बसवली. ती उपयोगाची खरी, पण अंगानं भारदस्त.

आपल्याकडे नव्वदीच्या दशकात पट्ट्याच्या सँडल ‘फ्लोटर्स’ म्हणून आल्या. कॉलेजात त्याच, पावसाळी ट्रेकला त्याच, आणि पुढे कोकणात, गोव्यात कयाक भाड्यानं मिळू लागल्या तेव्हा तिथेही त्याच. इथल्या बऱ्याच भाड्याच्या कयाक वरून उघड्या असतात, तेव्हा पट्टा अडकायची भीती कमी. खाडीची अडचण वेगळीच आहे. सुकतीला पाणी ओसरतं आणि धक्क्यापासून नाव वीस-पंचवीस हात दूर राहते. मधे गुडघाभर चिखल. पाय घातला की जातो, काढताना चप्पल आतच राहते आणि ‘फच्च’ आवाज करून पाय तेवढा वर येतो. चिखलात तिवरांची श्वसनमुळं खिळ्यांसारखी उभी. त्याहून वाईट कालवं: दगडांना, मुळांना, धक्क्याच्या खांबांना चिकटलेली, आणि कडा अशा की तळव्याला चीर गेल्याचं पाण्यात कळतसुद्धा नाही, वर आल्यावर रक्त दिसतं. खाऱ्या चिखलातली ती जखम लवकर भरत नाही. उघड्या फ्लोटर्समध्ये बोटं आणि पावलाच्या कडा मोकळ्याच, त्यामुळे इथे बंद बूटच हवा. पाकटाच्या काट्यापुढे मात्र साध्या बुटाचंही काही चालत नाही. वाळूत पाय उचलून टाकण्याऐवजी घासत चालायचं, म्हणजे पाकट आधीच हलतं.

कुंडलिका नदीवर कोलाडला हिशोब आणखी वेगळा. भिऱ्याच्या वीजकेंद्रातून सोडलेल्या पाण्यावर तो प्रवाह चालतो, पाणी फार थंड नसतं, पण काठचे दगड गुळगुळीत. तिथे ऊब नको, पकड हवी.

पकडीसाठी कधीकाळी नमद्याचा, म्हणजे फेल्टचा, तळवा सर्वोत्तम मानला जाई. शेवाळी दगडावर रबरापेक्षा तो खरंच चांगला. पण नमदा लवकर वाळत नाही आणि त्यात नदीतले सूक्ष्म जीव जिवंत राहतात. न्यूझीलंडमध्ये २००४ साली ‘डिडिमो’ हे परकं शैवाल सापडलं, आणि २००८मध्ये गोड्या पाण्यात मासेमारी करणाऱ्यांच्या नमदी तळव्यांवर तिथे बंदी आली. कयाकवाल्यांनीही नमद्याचा नाद सोडलेला बरा, आणि एका नदीतला बूट दुसरीत न्यायचा तर धुऊन कडकडीत वाळवलेला.

आज दुकानात तीन-चार मिलीमीटर निओप्रीनचे, खाली चिरांचा रबरी तळवा, टाचेला आणि बोटांना जाडसर रबर, बाजूला चेन किंवा आत दुमडणारा एकच पट्टा, असे बूट मिळतात. इन्युइट बायकांच्या कामिकच्या बरेच जवळ आले आहेत ते. घेताना उभं राहून बघण्यात अर्थ नाही. जमिनीवर बसा, पाय पसरा, चवडे पुढे ताणा; टाचेची शिवण टोचली किंवा अंगठा पुढे दाबला गेला तर परत करा. निओप्रीन भिजल्यावर सैलावतं, म्हणून कोरडं असताना किंचित घट्टच घ्यावं. अर्धा नंबर मोठा घेतलेला बूट खाडीच्या चिखलाला जातो.