छोटी कार: परवडते, पण सांभाळते का?

घरात कारचा विषय निघाला की पहिला प्रश्न बजेटचा, दुसरा मायलेजचा आणि तिसरा पार्किंगचा असतो. तिन्हींचं उत्तर बहुतेक वेळा छोटी कार हेच निघतं. मग एखादे काका बोनेटवर टिचकी मारून म्हणतात, "हा तर नुसता पत्रा आहे!" आणि तुमचा उत्साह मावळतो.

काकांची शंका रास्त आहे, पण ते बोट चुकीच्या जागी ठेवतात. गाडीचा पुढचा भाग चेपावा अशीच त्याची रचना असते, कारण चेपताना तो धडकेचा जोर शोषतो. पाहायचं ते हे, की तुम्ही बसता तो सांगाडा शाबूत राहतो का.

२०१४ मध्ये ग्लोबल एनसीएपी या संस्थेने भारतातल्या पाच छोट्या गाड्या ताशी ६४ किलोमीटर वेगाने आपटून पाहिल्या. नॅनो, ऑल्टो ८००, आय-टेन, फिगो आणि पोलो. एअरबॅग नसलेल्या या पाचही गाड्यांना मोठ्यांच्या सुरक्षेसाठी शून्य स्टार मिळाले. पण दोन एअरबॅग असलेली पोलो आपटली तेव्हा तिने चार स्टार मिळवले! कारण तिचा सांगाडा मुळात टिकला होता. नॅनो, ऑल्टो आणि आय-टेनचा सांगाडाच इतका कोलमडला, की एअरबॅगनेही फारसं काही साधलं नसतं. म्हणून जाहिरातीत 'सहा एअरबॅग' वाचलं की लगेच भुलू नका. एअरबॅग हव्यातच, पण त्या मजबूत सांगाड्याच्या जोडीला.

तेव्हापासून बरंच बदललं आहे. एबीएस ब्रेक आणि पुढच्या दोन एअरबॅग आता सक्तीच्या आहेत. तरीही सगळ्या छोट्या गाड्या एका माळेच्या मणी नाहीत. २०२० मध्ये टियागोला मोठ्यांसाठी चार आणि मुलांसाठी तीन स्टार मिळाले. २०२३ मध्ये ऑल्टो के-टेनला मोठ्यांसाठी दोन, वॅगन-आरला एक आणि मुलांसाठी दोघींनाही शून्य. ऑक्टोबर २०२३ पासून आपली स्वतःची भारत एनसीएपी चाचणी सुरू झाली आहे, पण ती कंपन्यांसाठी ऐच्छिक आहे. त्यामुळे शोरूममध्ये स्टार तुम्हीच विचारा. सेल्समनने उत्तरादाखल टचस्क्रीन दाखवायला घेतला, तर काय ते समजून जा.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. हे स्टार साधारण सारख्या वजनाच्या गाड्यांमध्येच तुलनेला चालतात. चार स्टारची हलकी गाडी चार स्टारच्या जड एसयूव्हीला समोरासमोर धडकली, तर जास्त धक्का हलकीलाच बसणार. वेग दुप्पट झाला की धडकेचा जोर चौपट होतो. म्हणून ऑफिस, शाळा, भाजी अशा शहरातल्या फेऱ्यांसाठी छोटी कार उत्तम. दर शनिवार-रविवारी पाच जणांना घेऊन एक्सप्रेस-वेवर शंभरने जायचं असेल, तर मात्र मी वाट पाहीन आणि थोडे पैसे साठवीन. तीन मीटरहूनही लहान कॉमेट ईव्ही गल्लीबोळात मजेत वळते, पण चार जण बसले की बॅगा ठेवायला जागा शोधावी लागते.

मग पैसे वसूल होतात का? तुलना कशाशी करता त्यावर ते ठरतं. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली जवळपास ७५ हजार दुचाकीवरची होती. तुम्ही चौघं आज एकाच स्कूटरवरून जात असाल, तर साधी छोटी कारही मोठी सुधारणा आहे. त्यात सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. वाचलेले पैसे अलॉय व्हील्सवर घालवण्यापेक्षा जास्त स्टारच्या मॉडेलवर घाला.

बेल्ट मात्र मागच्या सीटवरही लावा. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ सायरस मिस्त्री गेले, ते महागड्या, मोठ्या गाडीत मागे बसले होते आणि पोलिसांच्या माहितीनुसार त्यांनी बेल्ट लावला नव्हता. बाळाला मांडीवर घेऊन पुढे बसणं तर कुठल्याच गाडीत नको. घरात लहान मूल असेल तर बुकिंगच्या आधी त्याची चाइल्ड सीट शोरूममध्ये घेऊन जा आणि मागे लावून पाहा. ती लावल्यावर शेजारी आजी नीट बसू शकते का, तेही तिथेच बघून घ्या.