हौद्यांतील दिवा

रोज सकाळीं शहरांतील घरांत येणारी भाजी रात्रीं कोणत्या उजेडांत गाडींत चढली, हा प्रश्न सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. जुन्नर तालुक्यांतील एखाद्या मळ्याच्या बांधावर रात्रीं पिकअप उभी राहते. टोमॅटोचे क्रेट पहाटेपूर्वीं कल्याण-वाशीच्या बाजारांत पोंचले पाहिजेत. विजेचा खांब दूर असतो, चंद्र मावळलेला असतो, आणि चालक मोबाइल दांतांत धरून त्याच्या उजेडांत दोर आवळीत असतो. शेवटची रांग नीट बसली कीं नाहीं हें त्यास दिसत नाहीं. तो हातानें चांचपतो आणि समाधान मानतो. माळशेज घाटांतील एखाद्या वळणावर ती रांग सरकली, तर नुकसान केवळ टोमॅटोचें होत नाहीं. मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या जिवाशीं गांठ पडते.

ह्या अंधारावरील उपाय फार मोठा नाहीं. हौद्याच्या दोन्ही बाजूंस एल्. ई. डी. दिव्यांच्या पट्ट्या बसविल्या कीं काम होतें. परंतु हा उपाय जितका स्वस्त तितकाच निष्काळजीपणें केला जातो, आणि मग अंधाराच्या संकटाच्या जागीं आगीचें संकट येतें. म्हणून ह्या लहानशा कामांतील शास्त्र समजून घेणें अगत्याचें आहे.

पुढें बसावयास लहान खोली व मागें उघडा हौदा अशी गाडी फोर्ड कंपनीनें १९२५ सालीं अमेरिकेंत कारखान्यांतूनच तयार करून विकावयास आणली. त्या देशांत पुष्कळ पिकअपांच्या खोलीच्या मागील भिंतीवर, उंचावर, हौद्याकडे तोंड केलेला एक दिवा असतो. तो उपयोगी खरा, पण त्यांत एक उणीव आहे. उजेड एकाच ठिकाणाहून येत असल्यामुळें माल रचला गेला कीं त्याचीच सावली मागें पडते. आणि दोर बांधणारा मनुष्य तर मागें, फाळक्यापाशींच, उभा असतो. हौद्यावर ताडपत्री वा टप असेल तर तो दिवा असून नसल्यासारखाच. उलट, दोन्ही बाजूंच्या कडांखालून उजेड आला म्हणजे एका बाजूची सावली दुसरी बाजू पुसून टाकते.

अशा कामास एल्. ई. डी. विशेष योग्य कां, हें त्याच्या रचनेवरून कळतें. जुन्या दिव्यांत टंग्स्टनची तार तापून प्रकाश देई, आणि पुरविलेल्या शक्तीचा बहुतेक भाग उष्णतेंतच जाई. शिवाय खडबडीत रस्त्यावरील धक्क्यांनीं ती नाजूक तार तुटे. एल्. ई. डी. मध्यें तार नाहीं. अर्धवाहक पदार्थाच्या कणांतून प्रवाह गेला कीं प्रकाश बाहेर पडतो. १९६२ सालीं निक होलोनियाक ह्यांनीं डोळ्यांस दिसणारा तांबडा प्रकाश देणारा एल्. ई. डी. तयार केला, परंतु निळ्या प्रकाशावांचून पांढरा मिळेना. ती अडचण इसामु आकासाकी, हिरोशी आमानो व शुजी नाकामुरा ह्यांच्या संशोधनानें दूर झाली, आणि त्याबद्दल त्यांस २०१४ सालचें पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें. हल्लींच्या बहुतेक पांढऱ्या दिव्यांत कण निळाच असतो. त्यावरील लेप पिवळा प्रकाश देतो, आणि दोहोंच्या मिश्रणानें डोळ्यांस पांढरा भास होतो.

आतां हिशेब. हौद्याची लांबी २.५ मीटर धरली, तर दोन बाजूंस मिळून ५ मीटर पट्टी लागेल. साध्या पट्टीस दर मीटरास सुमारें ५ वॅट, म्हणजे एकूण २५ वॅट. पिकअपची बॅटरी १२ व्होल्टची. २५ ला १२ नें भागलें असतां प्रवाह सुमारें २ अँपियर येतो. हा भार क्षुल्लक वाटतो. पण येथेंच पहिली चूक होते.

पट्टींत तीन-तीन कण ओळीनें जोडलेले असतात. दर कणास सुमारें ३ व्होल्ट, म्हणजे तिघांस ९. उरलेले ३ व्होल्ट एका लहान रोधकावर खर्च होतात, आणि प्रवाह किती वाहावा हें तो रोधक ठरवितो. इंजिन चालूं झालें म्हणजे व्होल्टता १४ च्या घरांत चढते. कण आपल्या वांट्यास फारसें अधिक घेत नाहींत. वाढ जवळजवळ सगळी रोधकावर पडते. तीनाचे पांच झाले, म्हणजे प्रवाहही सुमारें दीडपट होतो. घराच्या सजावटीकरितां केलेली पट्टी गाडींत लावली कीं ती कांहीं महिन्यांत काळवंडते, तिचें एक कारण हें आहे. म्हणून वाहनाकरितांच बनविलेली व १४.५ व्होल्टपर्यंत चालणारी पट्टी घ्यावी. मोठ्या ट्रकांत बहुधा २४ व्होल्ट असतात. तेथें ही पट्टी मुळींच लावूं नये.

दुसरी चूक अधिक भयंकर आहे, आणि ती तारेसंबंधींची आहे. दिव्यास २ अँपियर पुरतात. पण बॅटरी मनांत आणील तर शेंकडों अँपियर देऊं शकते. बॅटरीपासून हौद्यापर्यंत गेलेली तार वाटेंत कोठें घांसून तिचें तांबें गाडीच्या लोखंडास टेंकलें, कीं तो सर्व प्रवाह त्या बारीक तारेंतून धांवतो. तार लाल होते, वरचें आवरण पेटतें, आणि शेजारीं पेंढा, गोणपाट किंवा ताडपत्री असली तर मग विचारावयास नको. हें टाळण्यासाठीं तारेंत फ्यूज घालतात. पण पुष्कळदां तो दिव्याजवळ घातला जातो, आणि बॅटरीपासून फ्यूजपर्यंतची सगळी तार निराधार राहते. फ्यूज दिव्याच्या रक्षणासाठीं नसून तारेच्या रक्षणासाठीं असतो. म्हणून त्याची जागा बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आंत. वरील हिशेबास ५ अँपियरचा फ्यूज पुरे. तो वारंवार जळूं लागला तर मोठा फ्यूज घालणें, किंवा त्याच्या जागीं तारेचा तुकडा गुंडाळणें, म्हणजे पहारेकऱ्यास हांकलून दरवाजा उघडा ठेवणें होय.

तारेची जाडीही पाहिली पाहिजे. जाऊन-येऊन १२ मीटर तांब्याची तार धरली, तर १ चौरस मिलिमीटर छेदाच्या तारेंत २ अँपियरास अर्ध्या व्होल्टाहून कमीच तूट येते. पाव चौरस मिलिमीटरच्या तारेंत ती दीड व्होल्टाच्या वर जाते, आणि पट्टीचें शेवटचें टोक मंद पडतें. पत्र्याच्या भोंकांतून तार नेतांना तेथें रबरी ग्रोमेट बसवावें, कारण पत्र्याची धार आणि रस्त्याचे हादरे मिळून कोणतेंही आवरण कापतात. नव्या भोंकाच्या कडेस रंग लावला नाहीं तर गंज तेथूनच सुरू होतो. ऋण टोक चॅसिसला जोडावयाचें असेल तर तेवढ्या जागेवरील रंग खरवडून लोखंड उघडें करावें. रंगावर बसविलेला स्क्रू प्रवाह नेत नाहीं. सांधे नुसते पिळून चिकटपट्टी गुंडाळूं नये. डाख देऊन वर उष्णतेनें आवळणारी नळी चढवावी.

पाण्याचा विचार वेगळा. पट्टीवर ‘आयपी ६७’ असें लिहिलेलें असतें. त्यांतील ६ म्हणजे धूळ आंत शिरणार नाहीं, व ७ म्हणजे एक मीटर खोल पाण्यांत अर्धा तास राहिली तरी चालेल. पण त्याचा अर्थ धुण्याच्या यंत्राचा जोराचा फवारा ती सोसेल असा नव्हे. तेव्हां पट्टी कठड्याच्या आंतील कडेखालीं, क्रेट घांसणार नाहींत अशा खांचेंत असावी, आणि नुसत्या गोंदावर न विसंबतां तिला चिमटेही लावावे. उजेडाचें तोंड खालीं, मालाकडे. मनुष्याच्या डोळ्यांकडे कधींही नाहीं.

शेवटीं बटण. मागील दिव्याच्या तारेंतूनच प्रवाह काढण्याची सोपी वाट कित्येक कारागीर सुचवितात. ती दोन कारणांनीं वर्ज्य आहे. हल्लींच्या अनेक गाड्यांत दिव्यांच्या प्रवाहावर संगणकाची नजर असते व त्यास हा वाढीव भार दोष वाटतो. आणि रात्रीं गाडी चालूं असतांना हौदा सतत उजळलेला राहतो. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १०८ वा नियम, रिव्हर्सचा दिवा, नंबरपट्टीचा उजेड, गाडीच्या आंतील दिवे असे कांहीं अपवाद सोडून, मागील बाजूस तांबड्याखेरीज दुसरा उजेड दाखवूं देत नाहीं. त्यामागें अनुभव आहे: मागच्यास पांढरा उजेड दिसला कीं समोरची गाडी जात आहे कीं येत आहे, हेंच त्यास कळेनासें होतें. म्हणून स्वतंत्र बटण असावें, तें चालकाच्या हाताशीं असावें, आणि दिवा चालूं असल्याची खूण दाखविणारा बारीक दिवा त्यास असावा. विसरून रात्रभर आठ तास पट्टी चालूं राहिली तर १६ अँपियर-तास खर्च होतात. ६० अँपियर-तासांच्या बॅटरीचा हा चौथ्या हिश्श्याहून मोठा भाग आहे. बॅटरी जुनी असेल तर पहाटे इंजिन हालणारही नाहीं.

काम पुरें झाल्यावर अर्धा तास पट्टी चालूं ठेवावी व तार, सांधे आणि फ्यूजची बैठक हातानें चांचपून पाहावी. कोठें ऊब लागली तर तेथें दोष आहे असें समजावें. मग फाळका लावून, बटण बंद करून, गाडीच्या मागें वीस पावलें जाऊन पाहावें. तेथून तांबड्या दिव्यांखेरीज कांहींच दिसत नसेल तर काम बरोबर झालें. माल भरतांना चालकास क्रेटची शेवटची रांग दिसली, मोबाइल त्याच्या खिशांत राहिला आणि दोराची गांठ डोळ्यांदेखत बसली, म्हणजे ह्या दिव्याचें काम संपलें. घाटांत मागून येणाऱ्या दुचाकीस्वारास तो दिवा आहे हें ठाऊक होण्याचीही गरज नाहीं.