उचललेला भार आणि सांगितलेला आकडा

व्यायामशाळेत जाणारी १५-१६ वर्षांची मुले ‘मी २०० किलो उचलतो’ असे अभिमानाने सांगतात. हा आकडा पारखावा कसा?

प्रथम विचारावे, व्यायाम कोणता? यंत्रावर पायांनी रेटलेले २०० किलो आणि जमिनीवरून डोक्यावर नेलेले २०० किलो यांत महदंतर आहे. दुसरे, मुलाचे स्वतःचे वजन किती? १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये तुर्कस्तानच्या नईम सुलेमानोग्लू यांनी ६० किलो गटात, क्लीन अँड जर्क प्रकारात १९० किलो, म्हणजे शरीरभाराच्या तिपटीहून अधिक वजन पेलले. तेवढ्याच वजनाचा शाळकरी मुलगा २०० किलो डोक्यावर नेल्याचे सांगू लागला, तर ते ग्राह्य मानता येणार नाही. तिसरे, पाहणारे पंच होते की मित्र?

मुलाला खोटे पाडणे हा यामागील हेतू नव्हे. मित्राच्या फुगवलेल्या आकड्याशी बरोबरी करण्याच्या ईर्ष्येने कोणी पाठ दुखावून घेतो, तर कोणी स्टिरॉइडकडे वळतो. स्टिरॉइडमुळे हाडांची वाढकेंद्रे अकाली मिटून उंची खुंटू शकते. म्हणून पालकांनी एकदा तरी व्यायामशाळेत जाऊन मुलाचा व्यायाम प्रत्यक्ष पाहावा आणि मगच पाठ थोपटावी.