पीएचपींतील 'स्विच' आणि विसरलेला 'ब्रेक'

गेल्या सत्रांत वरच्या वर्गांतील एका विद्यार्थ्यानें पीएचपी या संगणकीय भाषेंत प्रगतिपत्रकांवर शेरे छापणारी आज्ञावली लिहिली. श्रेणी 'अ' असल्यास शेरा 'उत्तम', 'ब' असल्यास 'बरा', 'क' असल्यास 'नापास'. छापून पाहतों तों वर्गांतील पहिला मुलगाही नापास! बिचाऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला.

दोष 'स्विच' या विधानाच्या वापरांत होता. (ही दिव्याची कळ नव्हे, हें पालकांनीं ध्यानांत घ्यावें.) या विधानास एक मूल्य द्यावयाचें व त्याखालीं 'केस' या नांवाचे पर्याय क्रमानें मांडावयाचे. जुळणारा पहिला पर्याय सांपडला कीं तेथून आज्ञा पाळल्या जातात. परंतु पुढली 'केस' आली म्हणून संगणक आपण होऊन थांबत नाहीं. निसरड्या जिन्यावर पाय ठेवावा आणि तळापर्यंत घरंगळत जावें, तसा तो 'ब्रेक' हा शब्द आढळेपर्यंत खालच्या साऱ्या आज्ञा पाळीत जातो. आमच्या विद्यार्थ्यानें एकही 'ब्रेक' लिहिला नव्हता. म्हणून 'उत्तम' जाऊन 'बरा' आला, 'बरा' जाऊन 'नापास' उरला.

ही रीत सी भाषेकडून आलेली आहे, आणि ती सर्वस्वीं वाईट नव्हे. एप्रिल, जून, सप्टेंबर व नोव्हेंबर या चार केसी एकाखालीं एक मांडून '३० दिवस' हें एकदांच लिहितां येतें.

ब्रेक घातल्यावर श्रेणींचे शेरे सुधारले. पण गुण पाहून शेरा देणारें दुसरें एक स्विच होतें, आणि त्यांतली चूक मला अधिक गंभीर वाटली. गैरहजर मुलाच्या गुणांच्या जागीं 'नल', म्हणजे 'कांहींच नाहीं', असें मूल्य होतें; पहिला पर्याय होता 'केस ०'. स्विच सैल तुलना करतें, मूल्यांच्या प्रकाराकडे काटेकोरपणें पाहत नाहीं. त्यामुळें नल आणि शून्य त्यास सारखेच! तापानें अंथरुणास खिळलेला मुलगा आणि कोरी उत्तरपत्रिका देऊन उठलेला मुलगा एकाच शेऱ्याचे धनी झाले.

२०२० सालीं आलेल्या पीएचपी ८.० नें अंक व शब्द यांची तुलना बरीच सुधारली. तत्पूर्वीं शून्य हा अंक 'अबक' या शब्दाशींही समान ठरे. नल व शून्य यांची गल्लत मात्र राहिली. त्याच आवृत्तींत 'मॅच' ही रचना आली. मूल्य व प्रकार दोन्ही जुळल्यावांचून ती होकार देत नाहीं, आणि तिला ब्रेकची गरज नाहीं. कोणताच पर्याय न जुळला व 'डिफॉल्ट'ही नसला, तर ती त्रुटि दाखवून थांबते. स्विच अशा वेळीं मुकाट्यानें पुढें जातें, म्हणून त्यांत डिफॉल्ट अवश्य लिहावें.

आमच्या विद्यार्थ्यानें दुसरें स्विच काढून तेथें मॅच घातलें. आजारी मुलाच्या पत्रकावर आतां 'गैरहजर' असें छापून येतें.