कुलाब्याचे अफगाण चर्च : अभियंत्याच्या आराखड्यातील स्मारक

कांजूरमार्गच्या पश्चिमेस, पवईपलीकडे, मिठी नदी अडवून 1856 ते 1860 या काळात बांधलेला विहार तलाव आणि कुलाब्याचे सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट चर्च, म्हणजेच लोकांच्या तोंडी रुळलेले अफगाण चर्च, ही दोन्ही कामे हेन्री कॉनिबेअर या एकाच अभियंत्याच्या आराखड्यांवरून उभी राहिली. मुंबईला नळाचे पाणी देणारी पहिली मोठी योजना आखणाऱ्या आणि 1852 मध्ये शहराच्या आरोग्यस्थितीवर अहवाल लिहिणाऱ्या या माणसाकडे चर्चचे काम आले, त्याला कारण पैशाची अडचण होती.

पहिल्या अफगाण युद्धात (1838–42) आणि सिंधच्या मोहिमेत मरण पावलेल्या सैनिकांचे स्मारक म्हणून हे चर्च योजले गेले. जागा देताना सरकारने अट घातली की, बंदरात येणाऱ्या जहाजांना खूण म्हणून दिसेल असे उंच शिखर त्यावर असावे. इंग्लंडहून आलेला मूळ आराखडा खर्चिक ठरल्याने कॉनिबेअरने नवा आराखडा काढला. त्यात मात्र त्याने गॉथिक शैली, म्हणजे टोकदार कमानींची मध्ययुगीन युरोपीय बांधणी, कायम ठेवली. 4 डिसेंबर 1847 रोजी बांधकामास आरंभ झाला आणि पिवळसर छटेचा स्थानिक बेसाल्ट व चुनखडीचा दगड वापरून उभारलेल्या या वास्तूचे 7 जानेवारी 1858 रोजी बिशप हार्डिंग यांच्या हस्ते धार्मिक अर्पण झाले. जहाजांसाठी सर्वांत आवश्यक मानलेले शिखर मात्र निधीअभावी मागे पडून 1865 मध्ये पूर्ण झाले. त्याची उंची सुमारे 60 मीटर आहे.

आतील रंगीत काचांच्या खिडक्या विल्यम वेल्स यांच्या असून वेदी, बाके व फरशी यांची आखणी विल्यम बटरफिल्ड या इंग्रज वास्तुविशारदाने केली. वेदीभोवतीच्या भागात, ज्याला चॅन्सेल म्हणतात, भिंतींवर मृत अधिकाऱ्यांची नावे कोरली आहेत. हाताखालच्या शिपायांची संख्या फार मोठी असल्याने ती नावे नोंदवता आली नाहीत, असे स्मारकलेखच सांगतो. त्यामुळे आराखड्यातील काटकसर आणि लष्करातील श्रेणी या दोन्हींचा दाखला या एकाच वास्तूत मिळतो, आणि वसाहतकालीन मुंबईत कोणत्या गोष्टीसाठी खर्च होत असे व कोणती टाळली जात असे, हे त्यातून ताडून पाहता येते.